लाह्यांची वाळू

पुनम : आत्याबाई, ह्या कढईतली वाळू कुठली?

चांगुणाबाई : आल्या आल्या कढईत मुंडकं घालायलीस? पाय धू आधी. माझं पोरगं कुठाय?

पुनम : गाडी लावायलेत. वाळू कुठली ते सांगा.

चांगुणाबाई : तूच आणून ठेवलीस की देवाच्या खोलीत, पांढऱ्या डब्यात. हो बाजूला. उद्या पंचमी, उद्या चुलीवर कढई चढत न्हाई. ज्वारीचा शेवटचा घाणा हाय ह्यो. जळाला तर नागोबाम्होरं काय तुझी पदवी ठेवू?

पुनम : गॅस बंद करा.

चांगुणाबाई : कामून?

पुनम : बंद करा म्हणते ना!

चांगुणाबाई : आवाज खाली. या घरात माझ्यावर आवाज चढवणारी एकच बाई होती, माझी सासू. तिला जाऊन वीस वर्षं झाली. तिची जागा मी अजून कुणाला दिलेली न्हाई.

पुनम : सहा महिने जपली होती मी ती वाळू. सहा महिने! आणि तुम्ही तिच्यात लाह्या फोडल्या?

चांगुणाबाई : मग? लाह्या काय हवेत फुटत्यात? माझी जुनी वाळू होती गाडग्यात, तीस वर्षांची, काळी कुळकुळीत. ती तुझ्या नवऱ्यानं न्हाणीच्या फरशीखाली घातली. घरणी नदीतून आणावी म्हटलं, तर नदीत वाळू ऱ्हायली कुठं? हायवा ट्रक भरभरून नेली मेल्यांनी. मग तुझा डबा उघडला. मैद्यावाणी वाळू, एक खडा न्हाई. म्हटलं चला, सूनबाईनं एक तरी कामाची वस्तू घरात आणली.

पुनम : डब्यावर लिहिलं होतं, हात लावू नये म्हणून.

चांगुणाबाई : कोणत्या भाषेत?

पुनम : इंग्रजीत. कामाचं सगळं इंग्रजीतच लिहावं लागतं.

चांगुणाबाई : आन् घर कोणत्या भाषेत हाय?

पुनम : मराठीत लिहून तरी काय उपयोग होता?

चांगुणाबाई : म्हणजे?

पुनम : म्हणजे तुम्हाला वाचता येत नाही, आत्याबाई. चिडू नका. बँकेत अंगठा देता तुम्ही, माझ्यासमोर दिलाय.

चांगुणाबाई : अंगठा माझा हाय. कुठं द्यायचा ते माझं मी बघीन. तू लाह्या ऊन हायत तवर खाऊन बघ. खारट लागायल्या. मी म्हटलं ज्वारीच अशी निघाली का काय.

पुनम : समुद्राची वाळू आहे, खारट लागणारच. मला नको तुमच्या लाह्या. काय केलंत तुम्हाला माहीत आहे का?

चांगुणाबाई : माझ्या घरात, माझ्या कढईत, माझ्या ज्वारीच्या लाह्या केल्या.

पुनम : जिवंत होती ती वाळू. तिच्यात जीव होते. उद्या नागाला दूध ठेवणार, नांगर धरू देणार नाही, भाजी चिरू देणार नाही, जीव मरतो म्हणून. आणि आज हजारभर जीव भाजून काढलेत.

चांगुणाबाई : आता गं बया! वाळूत किडे होते? आन् ते तू माझ्या देवाच्या खोलीत आणून ठेवलेस?

पुनम : तिथं गारवा असतो म्हणून ठेवले. नांदेडात खोलीवर पत्रे आहेत. मे महिन्यात तिथं माणूस वाळतो, वाळूचं काय घेऊन बसलात. म्हणून इथं ठेवली. दर पंधरा दिवसांनी एसटीनं यायचे, बाटलीतलं समुद्राचं पाणी शिंपडून जायचे.

चांगुणाबाई : त्याच्यासाठी यायचीस?

पुनम : हो.

चांगुणाबाई : दर पंधरा दिवसाला?

पुनम : हो.

चांगुणाबाई : आन् मी साऱ्या गल्लीला सांगत होते, सून नांदेडात शिकती, पण सासूला बघितल्याबिगर पंधरा दिवस करमत न्हाई तिला. बरं झालं कळलं. किड्याला बघायला येत होतीस.

पुनम : तसं नाही म्हणाले मी.

चांगुणाबाई : तसंच म्हणालीस.

अंगद : काय गं माय, रस्त्यापर्यंत आवाज यायलाय. काय झालं?

चांगुणाबाई : ये बाबा. तुझ्या बायकोचे किडे मेले. सुतक धरायचंय.

पुनम : वाळू जाळली, अंगद. लाह्यांना घेतली.

अंगद : आँ? डब्यातली?

पुनम : डब्यातली.

अंगद : माय, ती वाळू... ती तर तिच्या अभ्यासाची होती की.

चांगुणाबाई : आता अभ्यासाची झाली? परवा फोन केला तवा काय बोललास?

अंगद : परवा?

पुनम : परवा काय?

चांगुणाबाई : मी चोरून काही करत न्हाई, समजलं का? डबा उघडायच्या आधी ह्याला फोन लावला. म्हटलं, अंगद, पांढऱ्या डब्यात काय हाय? हा ऑफिसात, आजूबाजूला रेल्वेचा भोंगा. म्हणतो, वाळू हाय माय, मोठं काही न्हाई. म्हटलं, घेऊ का? म्हणतो, घे की.

पुनम : तुम्ही 'घे' म्हणालात?

अंगद : गडबडीत होतो गं. मला वाटलं, मायला डबा पाहिजे.

चांगुणाबाई : मला वाटलं, मला वाटलं! तुझ्या वाटण्यावर दोन बायका एकमेकीच्या झिंज्या धरायल्यात आन् तू मधी लाह्या खायलास. ठेव ती मूठ खाली.

पुनम : हसू येतंय तुम्हाला, अंगद?

अंगद : न्हाई, न्हाई. पुनम, परत जाऊ की आपण कोकणात. मी रजा टाकतो. दुसरी आणू.

पुनम : दुसरी कुठून आणणार? त्या जागेवर उन्हाळ्यात दगडी बांध घातलाय, लाटा अडवायला. ती वाळूची पट्टीच राहिली नाही. फेब्रुवारीत चार दिवस गुडघे टेकून खरवडली होती मी. आणखी कुठं तो जीव असेल तर असेल, मला माहीत नाही. मला माहीत होता तो फक्त त्या डब्यात.

चांगुणाबाई : एवढा कोणता जीव? वाघ हाय का काय?

पुनम : माइट म्हणतात. कोळ्याच्या वर्गातला. टाचणीच्या डोक्यावर पाच-सहा मावतील.

चांगुणाबाई : वांग्यावर पडतो त्यो लाल कोळी?

पुनम : त्याच्याच नात्यातला. पण हा पांढरा. वाळूच्या दोन कणांच्या मध्ये राहतो. ह्याची नोंद अजून जगात कुणी केलेली नाही.

चांगुणाबाई : कोळ्यावर आमी फवारा मारतो. पंप पाठीवर घेऊन, तोंडाला फडकं बांधून. आन् तू त्याला नांदेडहून पाणी पाजायला येतीस. सहा वर्षं झाली तुला शिकताना. करतीस काय नेमकं?

पुनम : त्याचं वर्णन. पाय कसे, पायाला किती सांधे, पाठीवर किती केस, कोणता केस लांब, कोणता आखूड. एकेक मोजायचा, चित्र काढायचं. तेव्हा सिद्ध होतं की हा निराळा आहे.

चांगुणाबाई : सोताच्या डोक्यात फणी घालायला येळ न्हाई, किड्याचे केस मोजती.

पुनम : हो, मोजते! तुम्ही नाही मोजलं कधी आयुष्यात काही?

चांगुणाबाई : मोजलं की. दिवस मोजले. तुला दाखवू का हिशोब?

अंगद : माय, ऐक. एक गोष्ट ऐकून घे तिची. तिला दोन सापडले होते असे. दोन्ही माद्या. तिनं सगळं लिहून शास्त्राच्या मासिकाला पाठवलं. तपासणाऱ्यानं परत धाडलं. तो म्हणतो, नर दाखवा. महिनाअखेरपर्यंत नर दाखवला तर छापतो, न्हाईतर न्हाई.

चांगुणाबाई : नर दाखवल्याबिगर बाईला कुणी मानत न्हाई. तिकडंबी तसंच हाय म्हणा.

पुनम : त्या डब्यात नर असणार होता. म्हणून आज डबा घेऊन जायला आले होते. आता काय नेऊ? भाजलेली वाळू? सहा वर्षं, आत्याबाई. माझ्या बरोबरीच्या सगळ्या पोरी कुठंकुठं चिकटल्या, मी एका किड्यापायी बसून राहिले. आणि तुम्ही मुद्दाम केलंत.

अंगद : पुनम!

पुनम : मुद्दामच! वाळू काय फक्त माझ्याच डब्यात होती गावात?

चांगुणाबाई : हे बघ. मला जाळायचं असतं ना, तर तुला समोर उभं करून जाळलं असतं. पाठीमागं वार करायची माझी जात न्हाई. पण आता निघालंच हाय तर ऐक. चार दिवस मी तोंड शिवून बसले होते. तू आल्यावर बोलायचं म्हणून. शीलाचा फोन आला होता लातूरहून.

अंगद : अरे देवा.

चांगुणाबाई : देवाला कशाला मधी घेतोस? तूच बोललास तुझ्या बहिणीला. काय गं, माझं नाव किड्याला देतीस म्हणं?

पुनम : तुम्ही शीलाताईंना सांगितलंत? मी कुणाला सांगू नका म्हणाले होते.

अंगद : कौतुकानं सांगितलं. पुनमनं नवीन जातीला मायचं नाव ठेवलंय म्हटलं. तिला आनंद झाला.

चांगुणाबाई : आनंद झाला! तिनं तिच्या नणंदेला सांगितलं, नणंदेनं आपल्या गावात दिलेल्या पोरीला. परवा पिठाच्या गिरणीवर तीच मन्मथची बायको सगळ्यांदेखत म्हणती, मावशी, तुमच्या नावाचा गोचीड निघालाय म्हणं. बायका तोंडाला पदर लावून हसायल्या. उद्या औषधाच्या दुकानात जाऊन इचारतील, चांगुणाबाईवर कुठला फवारा मारू? एवढं काय वाकडं केलं होतं मी तुझं? सासू आवडत न्हाई तर तोंडावर बोल. जगाच्या बुकात कशाला लिहितीस?

पुनम : चांगुणा नाव दिलेलं नाही मी.

चांगुणाबाई : मग शीला खोटं बोलती?

पुनम : त्यांना अर्धंच माहीत आहे. अंगदनासुद्धा अर्धंच माहीत आहे.

चांगुणाबाई : मग कोणतं दिलंस?

पुनम : राजकन्या.

अंगद : राजकन्या? ही कोण?

पुनम : विचारा तुमच्या आईला.

अंगद : माय? काय झालं? बस खाली. पाणी देऊ?

चांगुणाबाई : नको पाणी. तुला कुठं गावलं हे नाव?

पुनम : परातीवर. गेल्या दिवाळीला ती पितळेची मोठी परात घासायला दिली होती तुम्ही. कडेला कोरलंय. 'चि. राजकन्या हिस, अमृतराव' आणि पुढचं झिजून गेलंय.

चांगुणाबाई : पुढं 'यांजकडून' होतं. अमृतराव माझा बाप.

अंगद : म्हणजे तुझं नाव राजकन्या होतं? आन् मला माहीत न्हाई?

चांगुणाबाई : तुझ्या शाळेच्या कागदावर आईचं नाव लिहिलं, तवा मला इचारून लिहिलं का? तुला काय माहीत असणार?

पुनम : कुणी बदललं?

चांगुणाबाई : कोण बदलतं? लग्नात ताटात तांदूळ पसरले. माझी सासू म्हणली, राजकन्या नांदवायला आमचं काय राज्य हाय? कामाची बाई पाहिजे आमाला. आन् ह्यांना सांगितलं, लिही, चांगुणा. ह्यांनी अंगठीनं लिहिलं तांदळात. मी खाली मान घालून ताटाकडंच बघत होते. चवदा वर्षांची. वाचता येत होतं मला. तिला येत नव्हतं.

पुनम : तुम्ही शाळेत गेला होता?

चांगुणाबाई : दुसरीपस्तोर. मास्तरानं पहिल्यांदा प्रत्येकाला ज्याचं त्याचं नाव लिहायला शिकवलं. पाटी भरून लिहायचे मी. मग हितं आले तर ते नाव कुठंच चालंना. सात-बाऱ्यावर चालंना, बँकेत चालंना. म्हणले, चांगुणाबाई लिहा, नसंल येत तर अंगठा द्या. मी अंगठा दिला.

अंगद : चार अक्षरं शिकली असतीस माय. मी शिकवली असती.

चांगुणाबाई : शिकता आली असती. न्हाई शिकले. ज्यांनी बदललं त्यांनी लिहावं.

पुनम : मला हे ठाऊक नव्हतं.

चांगुणाबाई : तुला काय ठाऊक होतं? परातीवर चार अक्षरं दिसली, उचलली आन् किड्याला चिकटवली. मला इचारलंस?

पुनम : नाही.

चांगुणाबाई : माझ्या सासूनंबी इचारलं नव्हतं. ती तर अडाणी होती.

अंगद : माय, तिनं चांगल्या मनानं...

चांगुणाबाई : तू गप. सासूनंबी चांगल्याच मनानं केलं होतं. सगळे चांगल्याच मनानं करतात.

पुनम : नाही विचारलं. चुकलं माझं. मला वाटलं होतं छापून आल्यावर दाखवावं. तुम्ही माझ्याशी सहा वर्षांत धड बोलला नाहीत, विचारणार कसं? पण तुम्ही म्हणाल तर काढते. अजून छापलेलं नाही, आज काढता येईल. छापल्यावर मात्र कुणालाच बदलता येत नाही.

चांगुणाबाई : कुणालाच म्हणजे?

पुनम : कुणालाच. मलासुद्धा नाही. शंभर वर्षांनी दुसऱ्या मुलखातला माणूस त्या जिवावर लिहायला बसला, तरी त्याला हेच नाव लिहावं लागतं. आवडलं नाही म्हणून खोडता येत नाही.

चांगुणाबाई : त्यो जीव दुसरीकडं गेला तरी? दुसऱ्या समुद्रावर?

पुनम : कुठंही गेला तरी.

चांगुणाबाई : हं.

पुनम : पण आता तो प्रश्नच राहिला नाही. नर नाही म्हणजे छापणार नाहीत. निवांत राहा. तुम्ही स्वतःचंच नाव कढईत टाकलंत. मन्मथच्या बायकोला सांगा, फवारा लागणार नाही म्हणावं. चला अंगद, गाडी काढा, मला इथं बसवत नाही.

चांगुणाबाई : अख्खी वाळू कढईत गेली असं कुणी सांगितलं तुला?

पुनम : काय?

चांगुणाबाई : कढई बघ केवढी हाय. डबा केवढा होता. डोळे हायत का किड्याला दिले?

पुनम : मग बाकीची वाळू कुठं आहे?

चांगुणाबाई : माठ डुगडुग करत होता. परवा निम्मी वाळू काढून माठाखाली घातली.

पुनम : आणि हे आत्ता सांगताय?

चांगुणाबाई : इचारलंस का? आल्यापसून नुसती भुंकायलीस. गॅस बंद करा, मुद्दाम केलं, अंगठा देता. एकदा तरी म्हणलीस, आत्याबाई, थोडी ऱ्हायली का?

अंगद : माठ उचलू?

पुनम : थांबा! हळू. सरळ वर उचला, ओढू नका. ओली आहे का? ओली आहे. देवा, ओली आहे. पण माठाचं पाणी गोडं. गोड्या पाण्यात टिकले असतील का, काय माहीत.

चांगुणाबाई : कोकणात पाऊस पडत न्हाई का? त्या वाळूवर काय मिठाचा पाऊस पडतो?

पुनम : ...पडतो. गोडाच पडतो.

चांगुणाबाई : मग? आता काय करायचं असतं तुमच्यात?

पुनम : नांदेडला न्यायची, यंत्रावर धुवायची. पण आता धक्का नको. जेवढे निघतील तेवढे इथंच काढायला हवेत. वाळूपासून वेगळे करायला पाणी दाट करावं लागतं. म्हणजे वाळू खाली बसते आणि ते हलके असतात, वर येतात.

चांगुणाबाई : मिठाचं पाणी.

पुनम : हो. तुम्हाला कसं...

चांगुणाबाई : पेरणीला बी कसं निवडतात? मिठाच्या पाण्यात घालतात. पोचट वर येतं, भरीव खाली बसतं. कच्चं अंडं तरंगंस्तवर मीठ घालायचं. ह्याला सहा वर्षं लागतात व्हय?

अंगद : अंडं घरात न्हाई माय.

चांगुणाबाई : मग बटाटा आण. आन् ती परात काढ. मोठी, पितळेची. कपाटाच्या मागं हाय.

पुनम : परात राहू द्या, स्टीलचं पातेलं चालेल.

चांगुणाबाई : पातेल्यात वाळू रोळता येत न्हाई. काठ उभा असतो त्याचा. डाळीतले खडे काढलेत का कधी? सरक. दोन मुठी वाळू घाल. पाणी कडेनं सोड, वरून न्हाई, त्यांच्या डोक्यात पडंल.

(परातीत पाणी गोल फिरल्याचा आवाज.)

चांगुणाबाई : फडकं धर. मलमलीचं. असं न्हाई, झोळ ठेव. वरचं पाणी सोडायलेय, वाळू येणार न्हाई, बघ. एक कण आला तर नाव सांगणार न्हाई.

पुनम : आला नाही.

चांगुणाबाई : येत नसतो. आता?

पुनम : आता फडक्यावरचं थेंबाथेंबानं काळ्या वस्तूवर घ्यायचं. पांढरे आहेत, काळ्यावर दिसतात. अंगद, तुमचा मोबाइल द्या.

अंगद : माझा? मिठाचं पाणी हाय ते!

चांगुणाबाई : दे. 'घे की' म्हणताना मोबाइलवरच बोलला होतास ना?

पुनम : हं... हा कचरा आहे. हा कण. हा... थांबा. हलायलाय.

अंगद : कुठं? मला काहीच दिसंना.

पुनम : हे माझं भिंग घ्या. नाही, आत्याबाईंना द्या आधी. डोळ्याला लावा, आणि डोकं खाली न्या. अजून खाली.

चांगुणाबाई : मोतीबिंदू काढलाय माझा, तुझ्याहून बरं दिसतं मला. हं. तिळाचं पिल्लू. पाय हायत गं ह्याला.

पुनम : किती?

चांगुणाबाई : एका जागी थांबंल तर मोजीन ना. एक, दोन... चार हिकडचे. चार तिकडचे. आठ. काय तुरुतुरु चालायलंय. माठाच्या वझ्याखालीबी मेलं न्हाई.

पुनम : चिवट असतात.

चांगुणाबाई : ही कोण? मादी?

पुनम : मादी दिसते. माझ्या त्या दोघींसारखीच.

चांगुणाबाई : मग नर हुडक. उरलेली वाळू आण. कमरेचा काटा ढिला व्हायच्या आत उरकू. आन् हे गोडबोल्या, लाह्या झाकून ठेव, नरम पडतील.

(उरलेली वाळू धुऊन संपत येते.)

अंगद : आठ वेळा पाणी बदललं माय. बास की आता.

चांगुणाबाई : उद्या पंचमी. उद्या काही चाळायचं न्हाई, काही उपसायचं न्हाई. आज होईल तेवढंच. कितीक झाले?

पुनम : अकरा. बाटलीत घेतले. दोन जरा निराळे दिसायलेत, मागून निमुळते.

चांगुणाबाई : ते नर?

पुनम : असतील. मायक्रोस्कोपखाली घातल्याशिवाय सांगत नाही मी.

चांगुणाबाई : हे बरं हाय. न बघता बोलत न्हाईस. माझ्या बाबतीत तेवढं कर.

पुनम : आत्याबाई.

चांगुणाबाई : काय?

पुनम : नाव ठेवू की काढू? आज सांगा. नंतर सांगून उपयोग नाही.

चांगुणाबाई : बाटलीवर काय लिहायलीस ते?

पुनम : तारीख. जागा.

चांगुणाबाई : इंग्रजीत?

पुनम : ...ही चिठ्ठी काढते. दुसरी लावते. मराठीत.

चांगुणाबाई : आण हिकडं. अंगद, माझा चष्मा दे. उजेडात धर. रा. ज. क... न्या.

अंगद : माय?

पुनम : ठेवू, आत्याबाई?

चांगुणाबाई : अक्षर बरं न्हाई तुझं.